पितृपक्षातलं डाएट

आमच्या काकांचं डाएट कसं मोडलं, ते तुम्हाला सांगायचं राहिलंच.

काका पंचवटीत भिक्षुकी करतात. पाटावरून उठायला दोघांचा हात लागायला लागला, तेव्हा मी त्यांना एका आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. बाईंनी गोड बंद केलं, तळलेलं बंद केलं. काकांनी सगळं मान्य केलं आणि विचारलं, "पितृपक्षाचं काय?"

"का, त्यात काय असतं?"

"श्राद्धाला मी पितरांच्या जागी बसतो. ते जेवण माझं नसतं."

"गुरुजी, पोट तर तुमचंच असतं ना? नाही म्हणायचं."

काका खरंच नाही म्हणायला लागले. यजमान नाराज झाले, पण वजन उतरलं.

मग पितृपक्षात बाईंच्याच घरी सासऱ्यांचं श्राद्ध आलं. त्यांचे नेहमीचे गुरुजी आजारी, म्हणून काकांना बोलावणं गेलं. बाईंनी स्वतः पान वाढलं. एक वडा आणि चमचाभर खीर. काका मुकाट्याने जेवायला लागले.

तेवढ्यात बाईंच्या सासूबाईंनी पान पाहिलं. "अगं, एका वड्यावर ह्यांचं कधी भागलंय का?" असं म्हणून त्या वड्यांची परात घेऊन काकांसमोरच बसल्या. डोळ्यांत पाणी.

काकांनी बाईंकडे पाहिलं. बाई हळूच म्हणाल्या, "घ्या, गुरुजी."

पुढच्या आठवड्यात काका वजनकाट्यावर उभे राहिले. बाईंनी आकडा पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "वाढलंय, गुरुजी."

"माझं नाही," काका म्हणाले. "तुमच्या सासऱ्यांचं."