तासाभराचं कोल्हापूर

विमानाचं कौतुक मला सांगू नका यार. माझे बाबा कोल्हापुरात पहाटे गेले. लगेच मुलुंडहून ताईचा फोन आला, "मी गाडी काढतेय. तू अंधेरीहून इकडे ये, सोबत जाऊ."

मी म्हटलं, "रस्त्याने आठ तास कशाला घालवायचे? विमान तासाभरात पोचतं. तुझ्याआधी मी तिथे असेन."

अकराचं विमान खराब हवेमुळे लांबत गेलं आणि चारला रद्दच झालं. मी ताईला फोन केला, "आता टॅक्सीने निघतो. मी येईपर्यंत सगळ्यांना थांबव."

ती म्हणाली, "मीच अग्नी दिला, आत्ताच."

मी चिडलो. "मुलासाठी थोडं थांबता आलं नाही?"

"बाबा थांबले होते ना रे," ती म्हणाली, "दोन वर्षं, अंथरुणाला खिळून."