चौथं कडवं

सिस्टर : म्हणजे तीन दिवस ह्या पोट धरून गात होत्या, आणि तुम्ही त्यांना टूथब्रश आणून दिलात?

भाऊ : दोन. पहिला कडक लागत असेल म्हणून दुसरा मऊ आणला.

सिस्टर : डॉक्टर म्हणाले, आणखी काही तास गेले असते तर अपेंडिक्स आतच फुटलं असतं.

भाऊ : मलाही म्हणाले. जरा जास्त सविस्तर.

सिस्टर : हे गाणं शिकवलं कुणी?

भाऊ : सख्ख्या भावानं. मीच. शब्द माझे, चालही माझी.

ताई : छोट्या, ही पण सिस्टर?

भाऊ : हो ताई, ह्या पण.

ताई : मोठी मी.

सिस्टर : मोठ्या तुम्हीच. फक्त हात हलवू नका, सलाईन आहे. हं, भाऊ, तुम्ही गाणी करता?

भाऊ : मी वायरमन. शाळेत मराठीत दोनदा नापास. पण ताई जाते त्या केंद्रात आरोग्य खात्यानं एक पत्रक पाठवलं, 'वैयक्तिक स्वच्छतेचे महत्त्व'. तिथं हिच्यासारखी अठ्ठावीस माणसं आहेत, वयानं वाढलेली, समजायला सावकाश. त्यातल्या तिघांना स्वतःचं नाव वाचता येतं. ताईनं पत्रकाची टोपी केली, आणि खरं सांगतो, त्या पत्रकाचा तेवढाच उपयोग होता. मी तणतणत गेलो केंद्राच्या बाईंकडे. म्हटलं, ज्यानं हे लिहिलंय त्यानं ह्यांच्यातलं एक माणूस तरी बघितलंय का? ह्यांना गाणं द्या, गाणं विसरत नाहीत ही माणसं. बाई म्हणाल्या, मग तुम्हीच द्या. झालं. मला राग आला की यमकं सुचतात.

सिस्टर : चांगलंच केलंत की.

भाऊ : मलाही तसंच वाटलं, तिथंच घोळ झाला. चार कडवी. पहिलं दातांचं, दुसरं हातांचं, तिसरं पाण्याचं. चौथं, काही दुखलं-खुपलं तर सांगायचं. दातांचं आधी, कारण ते मला झकास जमलं होतं. सिस्टर, मी घराघरात मेन स्विच दाराजवळ बसवतो, अंधारात हात घातला की सापडायला हवा म्हणून. आणि गाण्यात तो माळ्यावर नेऊन ठेवला.

सिस्टर : पण ह्यांना बोलता येतं. सकाळी माझ्याकडे चहा मागितला, दोनदा.

भाऊ : येतं ना. तेच सांगायचं टाळतोय मगासपासून.

सिस्टर : काय?

भाऊ : पहिल्या दिवशी ती सरळ म्हणाली होती. 'छोट्या, पोट.' मी वायरी गुंडाळत होतो. केंद्रात पुढच्या आठवड्यात तपासणीला साहेब येणार, त्यांच्यासमोर माझं गाणं व्हायचं, तालीम घे असं मला सांगितलेलं. मी म्हटलं, 'असं नाही ताई, गाण्यात म्हण.'

सिस्टर : अरे देवा.

भाऊ : तिला गाणं मधूनच उचलता येत नाही. पहिल्यापासून सुरू करावं लागतं. तिनं केलं. मी ब्रश दिला. पुन्हा केलं, पुन्हा ब्रश. आणि पुढं गेली की दुसऱ्या कडव्याशी मीच थांबवायचो.

सिस्टर : का?

भाऊ : सूर चढायचा. ती कळवळत होती आणि मी सांगत होतो, ताई, सूर खाली घे.

सिस्टर : ... बरं, ते नंतर. आत्ताचं बघा. सकाळपासून ह्या कण्हतायत. दुखतं का विचारलं, 'हो'. दुखत नाही ना विचारलं, तरी 'हो'. अकराला डॉक्टर येतील. पोट अजून दुखत असेल तर पुन्हा उघडून बघावं लागेल म्हणाले.

भाऊ : पुन्हा?

सिस्टर : म्हणून तर तुम्हाला बोलावलं.

भाऊ : मग विचारू नका. गाऊ द्या.

सिस्टर : वॉर्डात? पलीकडच्या आजींचा आत्ताच डोळा लागलाय.

भाऊ : हळू म्हणेल. चार कडवी आहेत. लांब आहेत, मला माहीत आहे. ताई, म्हण. गाणं म्हण आपलं.

ताई : दात घास गं, दात घास गं, वर-खाली, वर-खाली, चूळ भर नि थुंक बाहेर, सकाळ झाली, सकाळ झाली...

(ताई गात राहते. दुसऱ्या कडव्याशी सूर चढतो. भाऊ या वेळी तिला थांबवत नाही.)

भाऊ : पाण्यावर आठ ओळी घातल्यात मी. आठ. पाणी प्या म्हणायला काय लागतं? पण ते 'झरझर' आणि 'भरभर' सोडवेना...

सिस्टर : शू. ऐका की.

ताई : कुठे दुखतं, कुठे दुखतं? बोट ठेवून सांग मला. लपवू नको, लाजू नको, मी आहे ना ऐकायला.

सिस्टर : बोट बघा. पोटावर नाही ठेवलं.

भाऊ : हातावर.

सिस्टर : सलाईनची सुई सरकलीय. हात सुजलाय केवढा, पांघरुणाखाली होता, मलाही दिसला नाही. ताई, पोट? पोट दुखतं?

ताई : पोट झालं. हात.

सिस्टर : थांबा, काढते सुई. एवढंसं टोचेल... झालं. डॉक्टरांना सांगते, पोट ठीक आहे. तरी ते तपासतील, पण आता घाबरू नका. भाऊ, बसा तुम्ही. खाली नाही, स्टुलावर.

भाऊ : शेवटची ओळ ऐकलीत? 'मी आहे ना ऐकायला.' त्या ओळीला केंद्रात टाळ्या पडतात. मी वाकून त्या घेतो.

सिस्टर : गाणं चांगलं आहे हो. फक्त चौथं पहिलं करा.

भाऊ : पहिलं-बिहिलं नाही, सगळं फाडून टाकतो. एकच शब्द ठेवतो, 'दुखतंय'. ताई, आजपासून नुसतं 'दुखतंय' म्हणायचं. गाणं बंद.

ताई : चाल?

भाऊ : चाल नाही त्याला.

ताई : मग नको.

सिस्टर : घ्या. करा आता चाल.

ताई : दात घास गं, दात घास गं, वर-खाली...

भाऊ : थांबवू नका सिस्टर. म्हण ताई, मी ऐकतोय. चारही म्हण. काय होतंय आता?

ताई : काही नाही रे. दात घासायचेत.