जावईबापूंचा हितसंबंध

...आणि वर लोक मलाच म्हणायचे, "चन्नवीरअण्णा, जावई शेअरबाजारातला, तुमची काय मजा हाय!" मजा? आवं, कसली डोंबलाची मजा! सासऱ्याला साधी एक टीप दिली न्हाय त्या माणसानं! काहीबी विचारा, एकच उत्तर... "मामा, सांगता येत न्हाय!"

बसा की पावणं, चहा येतोय, पहिल्यापासनं सांगतो. दोन हजार पाचची गोष्ट. आमच्या शांभवीला बघायला शशिधर आला. मी शाहूपुरीतला गुळाचा व्यापारी, रवा, म्हंजे गुळाची ढेप, नुसती बघून आतला गूळ सांगणारा, म्हटलं पोरगं नीटनेटकं हाय, शिकलेलं हाय, पोहे खाताना सांडत न्हाय, चालंल! पण शेजारचे जोतीरामतात्या बसलेले की बैठकीत, त्यास्नी चौकशीची लई हौस! "नोकरी कुठं?" "हितंच जवळ, उचगावला, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ऑफिस हाय." "काम काय?" "अमेरिकेतल्या एका पेढीसाठी कंपन्यांचा अभ्यास करतो. कुठला शेअर घ्यावा, कुठला विकावा, त्याचा रिपोर्ट लिहितो." झालं! तात्यांनी बशी खाली ठेवली. "मग सांगा, कुठला घ्यावा?" "सांगता येत न्हाय." "बरं, कुठल्या कंपनीचा अभ्यास चाललाय?" "तेबी सांगता येत न्हाय." "बरं, जी सांगता येत न्हाय ती, चांगली हाय का वाईट?" पोरगं नुसतं हसतंय! तात्या माझ्या कानात, म्हंजे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, "अण्णा, ह्यो सीआयडीतला दिसतोय!"

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं काम उचगावात कशाला? स्वस्तात पडतंय म्हणून! तिकडच्या एका साहेबाच्या पगारात हितं अख्खं ऑफिस बसतंय, चहाबिस्किटासकट! रिपोर्ट लिहायचा आमच्या पोरानं आणि खाली सही न्यूयॉर्कच्या साहेबाची... "वरील मत माझं स्वतःचं आहे"! व्हय, तसा कायदाच हाय म्हणं, मत स्वतःचंच पाहिजे! मी विचारलं, उचगावात तयार झालेलं मत न्यूयॉर्कात पोचंपर्यंत साहेबाचं स्वतःचं कसं काय हुतंय? तर काय म्हणाला असंल? ...बरोबर! तुम्हास्नीबी पाठ झालं की!

चार दिवसांनी त्याचा फोन आला. मुलगी पसंत. हुंडा? न्हाय. मानपान? न्हाय. आमची मंडळी, मल्लव्वा, देवापुढं साखर ठेवायला उठलीसुद्धा, तवर पोरगं म्हणतंय, "मामा, एकच अट हाय. तुम्ही काय देऊ नका, पण शांभवीच्या नावावरचा तेवढा शेअर विकून टाका."

अय्यो! माझ्या काळजालाच हात घातला की! आवं, तिच्या बारशाला सगळे म्हणत हुते सोन्याची साखळी करा, मी तिच्या नावानं एका पंपाच्या कंपनीचा शेअर घेतलेला. दर लक्ष्मीपूजनाला लक्ष्मीशेजारी ठेवून भस्म लावायचो त्याला. पुढं कागद गेला, शेअर काँप्युटरात जमा झाला, तर ब्रोकरच्या दुकानात जाऊन त्याच्या काँप्युटरला भस्म लावून आलतो मी! आणि हे सगळं बैठकीत छाती काढून मीच सांगितलेलं! म्हटलं, "म्हंजे तुम्ही त्याच पंपाच्या कंपनीचा अभ्यास करताय व्हय?" "मामा, सांगता येत न्हाय. पण कायदा हाय. ज्या शेअरवर लिहायचं तो आपल्या घरात नसावा. तिकडं अमेरिकेत लोकांनी स्वतःच्या फायद्याचे शेअर चांगले म्हणून खपवले, मग सरकारनं कान पिळले. ह्याला हितसंबंध म्हणत्यात."

आता खरं सांगू? मला पटलं हुतं. ज्याच्या दुकानात गूळ पडून हाय तो काय त्या गुळाला खारट म्हणणार हाय? सारा जन्म गूळ विकण्यात गेलाय, मला न्हाय कळणार? पण म्हणून माझ्या पोरीचा शेअर? ओरडलो मी, "पोरगी देतो, शेअर देत न्हाय! मोडलं लगीन!"

मल्लव्वानं पदर डोळ्याला लावला. तेवढ्यात आतनं शांभवी आली, शांत. "अप्पा, शेअर कुणाच्या नावावर हाय?" "तुझ्या." "मग मी विकणार." "आगं पण..." "अप्पा, तुमच्या पेठंत सगळाच गूळ एक नंबर, आणि मला आलेली सगळी स्थळंबी एक नंबर! ह्यो पहिलाच माणूस, मला म्हणाला, 'मी तापट हाय, कामावरनं घरी यायला उशीर हुतोय, बघून ठरव.' मला ह्योच पाहिजे." ऊर भरून आला बघा. माझी पोरगी माझ्यापेक्षा पक्की पारखी निघाली! विकला शेअर.

लगीन झालं दणक्यात. आणि दोन महिन्यांत शेअर कुठं गेला? वर! असा वर, की मान मोडली माझी बघून बघून! तात्या येऊन सांत्वन करून गेले. मी जावयाकडं बघितलं, त्यानं पंख्याकडं बघितलं.

पुढं तीन वर्षांनी अमेरिकेला उचगावबी महाग झालं की हो! सगळं काम उचललं आणि नेलं फिलिपाइन्सला. टायरचं दुकान तेवढं राहिलं. पोरगं तोंड पाडून बसलेलं, म्हटलं, "जावईबापू, चला आमच्या दुकानात." पहिल्याच दिवशी हातकणंगल्याचं गिऱ्हाईक. "मालक, गूळ कसा हाय?" मी 'एक नंबर' म्हणायला तोंड उघडतोय, तवर जावई हात जोडून, "पावणं, ह्यो माल आमच्याकडं पडून हाय. खपला तर आमचा फायदा, तवा आमच्या बोलण्यावर जाऊ नका, चाखून बघा. ह्यो पिवळाधमक दिसतोय न्हवं, त्यो जरा खारट हाय." कपाळाला हात लावला मी! गिऱ्हाईक पुढं झालं. चाखलं, दुसरा रवा घेतला, गेलं... आणि आठवड्यात गावातली चौघं घेऊन परत आलं! आता दुकानात पाय ठेवायला जागा नसती. मी गादीवर बसलो की लोक म्हणत्यात, "अण्णा, तुम्ही गप बसा, जावयाला बोलवा!"

आणि ही सवय लागती हो माणसाला! परवा दुपारी जेवायला बसलो, मल्लव्वानं विचारलं, "आमटी कशी झालीया?" मिठाचा पत्ता न्हाय! एवढा संसार झाला, रोज 'झकास' म्हणतोय, पण त्या दिवशी तोंडातनं निघून गेलं, "मल्लव्वा, सांगता येत न्हाय. माझा हितसंबंध गुंतलाय." ती वाढता वाढता थांबली. "कसला वो हितसंबंध?"

म्हटलं, "रात्री परत हितंच जेवायचं हाय!"