दीपगृहावरचा घोडा

नको नको, ती नको — ती तुम्ही मागच्या वेळीच दाखवली होती, तिच्यात पहिल्याच पानावर माणूस मरतो आणि पुढची तीनशे पानं सगळे मिळून तो का मेला याचा विचार करत बसतात. मेलेला माणूस नको, दादा. मला जिवंत माणसं हवीत, भरपूर, आणि एका घरात राहणारी. आणि जाड हवी. त्या दीपगृहाच्या कादंबरीएवढी तरी — तीच हो, दोन बहिणींची, तुमच्याकडूनच नेली होती — एक दिवा लावते, दुसरी विझवते आणि दोघी एकमेकींशी अकरा वर्षं बोलत नाहीत — हां, तीच! तशीच दुसरी द्या. तशीच दुसरी नसते हे मला सांगू नका, ते मलाही कळतं, पण तुम्ही पुस्तकांचं दुकान मांडून बसलाय ना, मग शोधा. वरच्या फळीवर बघा. शिडी हलतेय — चढा, मी धरते. आणि मी बोलत राहिले तर चालेल ना? चालेल. मी दातांच्या दवाखान्यात काम करते, डॉक्टरांच्या हाताखाली — समोरच्याच्या तोंडात कापूस असतो, मग त्याचं आणि माझं, दोघांचंही मलाच बोलावं लागतं. सवय झालीय. घरीसुद्धा मी तेच करते, असं आमच्या ह्यांचं म्हणणं.

कुणासाठी म्हणजे — सासूबाईंसाठी. वाचणार मी, ऐकणार त्या. त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालंय, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलंय, नवा चष्मा मिळेपर्यंत एक अक्षर वाचायचं नाही. आता या बाईंनी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली — म्हणजे छापायच्या आधी चुका काढायच्या, तेच काम — औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून त्यात चूक काढल्याशिवाय गोळी घेत नाहीत. त्यांना नुसतं बसवून ठेवायचं म्हणजे काय! ह्यांना म्हटलं, तुम्ही वाचून दाखवा आईंना — तर हे वाचतात ते असं, की गाड्यांचं वेळापत्रक चाललंय असं वाटावं. दुसऱ्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, ‘याला आवर.’ मग राहिलं कोण? मी. आणि तुम्हाला म्हणून सांगते, मला घाम फुटला होता, कारण आमचं बोलणंच नव्हतं. भांडण नव्हतं हं — भांडायला तरी बोलावं लागतं. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हापासून आमचं सगळं एका खिडकीवर चालायचं — मी उघडायची, त्या लावायच्या, मी उघडायची, त्या लावायच्या. ‘जेवण झालं?’ ‘झालं.’ ‘गोळी?’ ‘घेतली.’ संपलं. घरात माणसं तीन आणि सगळ्यांत जास्त आवाज फ्रिजचा.

आणि मग ती कादंबरी आली. पहिले दोन दिवस मी वाचत होते आणि त्या माझे उच्चार सुधारत होत्या. तिसऱ्या दिवशी सुधारायचं विसरल्या. पुढे पुढे तर आमचे वाद व्हायला लागले — मी थोरलीच्या बाजूची, त्या धाकटीच्या — चहा गार होऊन जायचा, ह्यांना वाटायचं आतमध्ये काहीतरी बिनसलंय, हे दारात येऊन बघून जायचे. दवाखान्यातून घरी येताना मी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळून चढायला लागले, या वयात! मला त्या दोघी आवडायच्या की वाचणं आवडायचं की — असो. ती निळी कुठली? नको, तिच्या पाठीवर ‘मानवी मनाचा तळ’ लिहिलंय, मला तळ नको, मला वरच राहू द्या.

शेवट तुम्हाला माहीतच आहे. धाकटी बोटीत बसून निघून जाते, थोरली वरून बघत राहते, बोट अजून दिसतेय — आणि खलास. पुढे कोरं पान. जाणकार म्हणतील, काय सुंदर शेवट. असेल! मी शेवटचं वाक्य वाचून वर बघितलं, तर सासूबाई डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसलेल्या — आणि म्हणाल्या, ‘पुढे?’ आता मी काय करायला हवं होतं? संपली म्हणून सांगायला हवं होतं. कुणीही शहाणी बाई तेच सांगेल. पण संपली म्हटलं, की उद्यापासून परत जेवण झालं, गोळी घेतली, आणि फ्रिज. मी पान उलटलं. कोरं पान, हो! उलटलं आणि वाचायला लागले — ‘बोट दिसेनाशी झाली तेव्हा थोरलीच्या लक्षात आलं, की धाकटी तिचा स्वेटर विसरून गेलीय.’ तो स्वेटर कुठून आला मला विचारू नका. सासूबाई म्हणाल्या, ‘थंडीत गेली की गं पोर.’ आणि मी सुटले.

तेव्हापासून रोज चाललंय. मी काय लेखिका आहे? घरातल्या वाणसामानाची चिठ्ठी लिहिताना माझे हात दुखतात. एक आठवडा कसाबसा काढला, मग सगळंच आटलं, तेव्हा तुमच्याकडे येऊन ती दुसरी घेऊन गेले नव्हते का — घोड्यांच्या व्यापाऱ्याची? म्हटलं, नावं बदलून तीच वाचायची, पुढचा भाग म्हणून. हसू नका, शिडी हलेल. वाचायला लागले — पहिलं पान निभावलं, दुसरं निभावलं, तिसऱ्यावर तो घोडा जिना चढून वर आला. व्यापाऱ्याच्या माडीवर चढायचा होता तो, पण माझ्याकडे माडी कुठली? माझ्याकडे दीपगृह! वाचता वाचता मलाच दिसलं, समुद्राच्या मधोमध खडकावर दीपगृह आणि त्याच्या गोल जिन्यावर घोडा.  सासूबाई मग म्हणाल्या, ‘भरतीच्या वेळी आला असेल.’ बस्स. पुढे काही विचारलं नाही! जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं त्या बाईंनी, आणि अख्खा घोडा सोडून दिला. मला वाटलं, औषधांनी गुंगी आली असेल.

मग ठरवलं, दुसऱ्याचं काही घ्यायचं नाही, आपल्याला जे ठाऊक आहे तेच घालायचं. मला काय ठाऊक आहे? दात. म्हणून दीपगृहावर एक फिरता दंतवैद्य आणला — थोरलीची अक्कलदाढ दुखत असते — चांगला चार दिवस पुरला तो. सासूबाई म्हणाल्या, ‘या लेखकाला अचानक दातांचं बरंच कळायला लागलं की.’ मी म्हटलं, हो ना, अभ्यास करून लिहितात हल्ली. तर म्हणाल्या, ‘धाकटीला परत आणील का गं तो? आणायला हवं.’ झालं, मी आणायच्या मागे लागले. सासूबाई खूश. म्हणाल्या, ‘लेखक चांगला आहे, ऐकतो माणसाचं.’ बघा, भोळ्या किती!

पण नुसती आणून कसं चालेल, आधी थोरलीच्या मनातलं यायला हवं ना. म्हणून परवा थोरलीला एकटीलाच बोलायला लावलं, दिव्यासमोर. ती म्हणते — काय बरं म्हणाली — हां, म्हणते, ‘तू आलीस तेव्हा मला वाटलं होतं, आपलं जमेल. मी खिडकी उघडायची ती तुला वारा लागावा म्हणून. तुला ते मुद्दाम वाटलं.’ दीपगृहाला खिडकी असतेच की, त्यात काय. तर सासूबाई एकदम मध्येच म्हणाल्या, ‘थांब. इथे धाकटीच्या मनातलंही यायला हवं. तिने असं म्हणायला हवं, की मला वारा सोसत नाही, पण ते सांगायला जमलं नाही. दुसऱ्याच्या घरात आपण काय सांगायचं, असं वाटायचं.’ मी म्हटलं, बघते हं पुढच्या पानावर आहे का. आणि पान उलटून तसंच्या तसं वाचलं. शब्दन् शब्द. वाचताना आवाज कापला माझा, आता तो का कापावा — दोन बहिणींच्या गोष्टीत — दीपगृहावरच्या —

धूळ फार आहे तुमच्याकडे. डोळ्यात जाते.

तर अडचण अशी, की उद्या त्यांचा नवा चष्मा मिळतोय. चष्मा आला की पहिल्यांदा त्या काय करतील? ती कादंबरी हातात घेतील आणि दंतवैद्याचं प्रकरण शोधतील! माझी धडगत नाही. म्हणून म्हटलं, आज काहीही करून दुसरी सुरू करायची, अशी, की त्यांनी जुनीचं नाव काढू नये — आज रात्री ‘संपली हो आई’ म्हणायचं आणि लगेच ही पुढे करायची. आणि खरं सांगू? पकडलं जायचं मला तेवढं भय नाही. ओरडतील, ओरडू देत. पण चष्मा आल्यावर त्यांना माझी गरज काय? स्वतःच वाचतील, खोलीत, खिडकी लावून. मला त्या हव्यात, दादा. एवढंच आहे. मला ती संध्याकाळ हवी आहे. म्हणून जाड बघा, अक्षर बारीक बघा, अगदी मुंगीएवढं, नव्या चष्म्यालासुद्धा दाद देणार नाही असं — असं काय बघताय? सापडली का?

काय? कोण आलं होतं?

वयस्कर बाई पुष्कळ येत असतील तुमच्याकडे. काठी घेऊन — काठी काय, सगळ्याच — बाहेरच्या पाटीतली चूक दाखवली? तुम्हाला पाटी खाली उतरवायला लावली? थांबा, थांबा. डोळ्यांवर काळा चष्मा होता? होता, आणि तो कपाळावर चढवून पाटी वाचली — मग त्याच. दुसरं कोण असणार. पण एकट्या? दुपारच्या? मी दवाखान्यात असते तेव्हा, बरोबर. कधीची गोष्ट ही? महिना झाला? घोड्याच्या आधी की — तुम्हाला काय कळणार, घोडा मीच आता सांगितला. तुमच्याकडून मी तो घोडेवाला नेला, त्याच्या आधी? आधी. नक्की? आणि काय हवं होतं त्यांना?

दीपगृहाच्या कादंबरीचा दुसरा भाग आहे का, असं विचारलं. आणि तुम्ही सांगितलंत, नाही, ती बोटीवरच संपते.

म्हणजे घोडा, दंतवैद्य, खिडकी — आणि काल रात्रीसुद्धा, मी पुस्तक मिटायला लागले तर माझा हात धरून म्हणाल्या, ‘एवढ्यात नको, पुढे काय झालं?’ — कोरं पान हो ते, एकच पान पुढे-मागे उलटतेय मी, त्याचा आवाज त्यांना — छापखान्यात जन्म गेला त्यांचा —

मग काय म्हणाल्या? तुम्ही नाही म्हटल्यावर? तुम्ही त्यांना दुसऱ्या कादंबऱ्या दाखवल्याच असतील, तुम्ही काय सोडताय. दाखवल्यात. चांगल्या चार-पाच. आणि त्या?

‘नको. सध्या माझी एक चालू आहे.’

असं म्हणाल्या?

उतरा खाली. नको, ती हातातली आणू नका, राहू दे तिथेच. काही नको मला. सहा वाजायला आले, त्या वाट बघत असतील. काल धाकटीने दार वाजवलंय आणि थोरली अजून जागची उठलेली नाही. सावकाश उतरा — शिडी सोडतेय मी.