विल म्हणजे इच्छा

वकिलाच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या बाकावर इंग्रजीचे एक म्हातारे मास्तर आणि त्यांचा मुलगा नंबरची वाट बघत बसले होते. मास्तरांच्या हातात टाइप केलेलं मृत्युपत्र होतं.

“विल. आयुष्यभर मुलांना हा शब्द शिकवला. त्यांना वाटायचं, तो नुसता भविष्यकाळ दाखवतो.”

“बाबा, आत शिकवणी नको हं. फक्त सही करायचीय.”

“मूळ शब्द इच्छेचा. ‘मी जाईन’ म्हणजे आधी ‘मला जायचंय’. म्हणून तर माणसाच्या शेवटच्या इच्छेच्या कागदालाही विलच म्हणतात.”

“बरं.”

“इथे लिहिलंय, ही माझी इच्छा आहे. वकिलांना ती कुणी कळवली?”

“मीच. तुम्हाला कशाला दगदग?”

“घर तुला. ताईचं नाव कुठल्या पानावर आहे?”

“ताईचं तिकडे चांगलं चाललंय, बाबा.”

“माझा पाय मोडला, तेव्हा नोकरीवर पाणी सोडून वर्षभर माझी उठबस तिनं केली.”

“माहितीये.”

“मग ही इच्छा कुणाची?”

“माझी.”

“मोठ्यानं बोल. मला कमी ऐकू येतं.”

“माझी, बाबा.”

कारकुनानं त्यांचा नंबर पुकारला. दोघंही उठले नाहीत.

“ताईला फोन लावू?”

“काय सांगशील?”

“तुमच्या नावानं माझी इच्छा लिहून आणली होती, हेच सांगतो.”

त्यानं फोन लावला. “ताई, बाबांच्या विलमध्ये मी माझीच इच्छा लिहून आणली होती,” तो मोठ्यानं म्हणाला.