पांढरी पाच

तनू: नाही, सॅक्सोफोन नाही. देविका, प्लीज! सगळे वेबकॅमवाले तोच लावतात. डेंटिस्टचा वेटिंग रूममध्ये बसल्यासारखा वाटतो.

देविका: पण सेफ आहे ना? ऑनलाइन म्युझिक लायब्ररीतून रीतसर घेतलाय, वर्गणी भरून. मागच्या वेळी ते सिनेमाचं गाणं लावलं तर साइटनं आख्खा स्ट्रीम म्यूट केला. मी कॅमेऱ्यासमोर मुक्यासारखी ओठ हलवत बसले होते.

तनू: आणि वॉर्निंग आला. अजून एक आला की अकाउंट बंद. तुझं साउंड मी बघते, मग शिव्या मलाच.

देविका: म्हणून तर तानपुरा लावला. तूच ब्रिस्टलहून फोन करून म्हणालीस, बेस्ट आयडिया, तानपुऱ्यावर कोणाचा कॉपीराइट नसतो. आता तूच म्हणतेस काढ. का? तक्रार आली का?

तनू: तक्रार नाही. लोकांना खूप आवडतो. रोज चॅटमध्ये विचारतात, ट्रॅकचा नाव काय, कुठे मिळतो. काल एक माणूस लिहिला, ही बाई कोण गाते?

देविका: बाई? तानपुऱ्यात बाई कुठून आली?

तनू: मला वाटला तू कुठला तरी रेकॉर्डिंग लावलास. मग मी जुने स्ट्रीम चेक केले. ऐक हं, प्ले करते. तुझा आवाज खाली केला, मागचा वर केला.

देविका: बंद कर.

तनू: थांब ना, पुढे अजून क्लिअर आहे...

देविका: तनू, बंद कर म्हटलं ना! आई आहे ती.

तनू: तुझा आई? पण तू म्हणालीस ती गात नाही. अंकल गेल्यापासून.

देविका: नाहीच गात. बाबा गेले आणि तिनं गाणं मिटवून टाकलं. शनिवारचा मुलांचा क्लास बंद केला, पेटी मंडळाला देऊन टाकली, माझ्याकडे राहायला आली. जीपी डॉक्टर म्हणाला, मिसेस देव, गाणं सुरू करा, बरं वाटेल. त्याला म्हणाली, तुम्ही गोळ्या द्या, गाण्याचं मी बघते. मी किती मागे लागले, किती हातापाया पडले! साधं गुणगुणत पण नव्हती गं. कधीपासूनचं आहे हे?

तनू: तानपुरा लावला त्याचा दुसरा दिवस. आधी नुसता हं-हं. मग रोज थोडा जास्त. मी काल सगळे ऐकले. मला इंडियन म्युझिक कळत नाही, लंडनमध्ये, इल्फर्डला वाढले मी, मला कोण शिकवणार होता? पण मी रडले, देविका. खरंच.

देविका: भीमपलास आहे. दुपारचा राग. मी दुपारी बसते म्हणून तिनं दुपारचा घेतला. शी! तनू, मी आत काय करत असते, आणि ती त्याच दाराबाहेर बसून...

तनू: ती काय समजते? तू आत काय करते?

देविका: मी एवढंच सांगितलंय की ऑनलाइन काम असतं, दार उघडायचं नाही. पण तानपुरा ऐकल्यावर तिला काय वाटणार? रियाज करतेय. शाळा संपेपर्यंत शिकवलंय तिनं मला, बाबांच्या हॉस्पिटलच्या त्या एवढ्याशा क्वार्टर्समध्ये. शेजारची आयरिश नर्स भिंतीवर ठोकायची, तरी शिकवायची. मी युनिव्हर्सिटीत गेले आणि सोडून दिलं. तिला वाटलं असणार, पोरीनं पुन्हा धरलं.

तनू: सॉरी, पण मला सांगायला लागेल. साइटचा रूल आहे. दुसरा माणूस स्ट्रीममध्ये आला, नुसता आवाज आला तरी, त्याचा पासपोर्टचा फोटो आणि सही लागतो.

देविका: वा! मग मागते सही. आई, इथे खाली नाव लिही, तुझा भीमपलास आमच्याकडे फार चालतोय.

तनू: असा नको ना बोलू. दुसऱ्या पिचमध्ये लाव. तिला नाही जमणार मग.

देविका: पिचचं मला काय? तानपुऱ्याचं ॲप उघडलं, बटण दाबलं. पांढरी पाचवर होतं, तिथंच राहू दिलं.

तनू: पांढरी पाच म्हणजे?

देविका: पट्टी गं. पेटीवरची पांढरी पाचवी. गाणारा आपला सा कुठे धरतो, ती जागा. माझी काळी पाच. पण मला कुठं गायचं होतं? म्हणून बदललीच नाही. पट्टी बदलली तरी ती गाईल, तिला काय अवघड आहे. तानपुराच बंद केला पाहिजे.

तनू: मग पियानो लाव. सेफवाला. ती गाणार नाही, प्रॉब्लेम संपला.

देविका: हो. ती गाणार नाही. संपला प्रॉब्लेम.

तनू: मला तसा म्हणायचा नव्हता.

देविका: माहितेय गं राणी. ते सगळे जुने स्ट्रीम पुसून टाक. तिचा एक सूरही तिथं राहायला नको.

(दोन दिवसांनी, साउथहॅम्प्टन. देविकाच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर, संध्याकाळ. आई गॅसपाशी पोहे करते आहे.)

आई: कालही नाही, आजही नाही. तानपुरा का नाही लावत गं तू? आणि ते काय वाजवत होतीस, टिंग टिंग टिंग? डोकं उठलं बाप्पा माझं.

देविका: ॲप बिघडलंय.

आई: मग नीट करून घे. रियाजात खंड नाही पाडायचा. मी बोलणार नव्हते, पण आता बोलतेच. मी ऐकते रोज. तुझा आवाज मात्र बाहेर येतच नाही. इतकं दबून काय गायचं? लाजतेस की काय, माझ्यापुढे?

देविका: आई, मला तुला...

आई: आधी माझं ऐक. पॅसेजमध्ये खुर्ची घेऊन बसते मी, तुझ्या दारापाशी. पहिल्या दिवशी नुसता सा लावून बघितला, तर निघेना. बंद घरातला नळ कसा, आधी नुसती हवाच सोडतो, तसं झालं. म्हटलं, गेलं वाटतं. आणि मग लागला, देवू. असा लागला! अंगावर काटा आला माझ्या. तुझ्या बाबांना हाक मारणार होते मी, ऐकलंत का म्हणून. ते नाहीत हेच विसरले होते क्षणभर.

देविका: किती छान, आई.

आई: रडतेस काय? मी हसत सांगतेय ना! तर मी ठरवलंय, उद्यापासून आत येऊन बसते. तू पुढे, मी तुझ्या मागून. पूर्वीसारखं. दार कशाला हवंय मध्ये?

देविका: आत नको येऊस.

आई: का? तुझा बेसूर मी कमी ऐकलाय का?

देविका: मी आत गात नाही, आई.

आई: म्हणजे?

देविका: रियाज नाही करत मी. तानपुरा मागे नुसता वाजत असतो. मी कॅमेऱ्यासमोर बसते. लोक पैसे देऊन बघतात.

आई: काय बघतात? शिकवतेस का काही?

देविका: मला बघतात.

आई: तुला? तुझ्यात काय बघायचंय एवढं... देवू. कपडे असतात ना अंगावर?

देविका: कधी असतात. कधी नसतात.

आई: गॅस बंद कर. पोहे खाली लागतायत.

देविका: केला.

आई: कधीपासून हे?

देविका: कंपनीनं काढलं तेव्हापासून. अनुप तर आधीच मला सोडून निघून गेला होता, घराचा हप्ता माझ्या एकटीवर. अर्ज करकरून थकले. आई, मी कोणाला फसवत नाही. टॅक्स भरते. कोणी मला हात लावत नाही, बोटसुद्धा. दार लावते, काम करते, दार उघडते, तुला चहा करून देते.

आई: चहा करून देते म्हणे! मला सांगायचं नाही? बाबांचं पेन्शन मी काय करतेय, उशाशी घेऊन झोपतेय?

देविका: तुला काय सांगणार होते? तू जेवत नव्हतीस, बोलत नव्हतीस, खिडकीतून त्या क्रूझच्या बोटी बघत बसायचीस. तुझ्यावर अजून हे कुठं टाकू?

आई: आणि ह्यासाठी तुला तानपुराच मिळाला? जगात दुसरं काही वाजत नाही?

देविका: बाकी सगळं कोणाचं ना कोणाचं असतं. परवानगी नसली की बंद करतात. तानपुरा कोणाचा नसतो.

आई: असं का? कोणाचा नसतो?

देविका: तसं नाही गं आई...

आई: राहू दे. बोल पुढे. अजून काहीतरी आहे, तुझा चेहरा सांगतोय.

देविका: तुझा आवाज आत येत होता. माइकमध्ये. मला माहीतच नव्हतं, देवाशप्पथ. परवा तनूनं ऐकवलं तेव्हा कळलं.

आई: म्हणजे त्या लोकांनी ऐकलं मला?

देविका: तू कोण ते कोणालाच माहीत नाही. सगळं पुसून टाकलंय.

आई: काय म्हणाले?

देविका: कोण?

आई: ऐकणारे.

देविका: विचारत होते, कोण गातंय. फार आवडलं लोकांना. एकानं लिहिलं होतं, आज मी डोळे मिटून नुसतं ऐकलं.

आई: तुझ्याकडे न बघता?

देविका: हो.

आई: एक तरी शहाणा निघाला.

देविका: आई, तू ओरड ना माझ्यावर. काहीतरी बोल. अशी नको बसूस.

आई: राग आला असता तर बरं झालं असतं गं. राग येतच नाहीये. आत सगळं तुटल्यासारखं झालंय नुसतं. दाराच्या आत तू एकटी, बाहेर मी एकटी, आणि मी खुळी समजत होते, आपण दोघी मिळून गातोय.

देविका: मी सोडते हे सगळं. घर विकते, लहानसं घेऊ कुठंतरी. मंडळातून पेटी परत आणते उद्याच. पण तू गाणं थांबवू नकोस. प्लीज, आई. तेवढं नको करूस.

आई: घर विकायचं का ठेवायचं ते उजाडल्यावर बघू. गाण्याचं मला आज विचारू नकोस. त्या खुर्चीत मला आता बसवेल की नाही, कुणास ठाऊक. मला फक्त एक सांग. आणि खरं सांग, आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही.

देविका: विचार.

आई: तुझी पट्टी काळी पाच. मीच बसवलीय तुझ्या गळ्यात, झोपेतून उठवलं तरी तू तिथंच सा लावशील. पांढरी पाच माझी. पन्नाशीनंतर आवाज खाली आला, तेव्हापासून. पहिल्या दिवशी तुझ्या खोलीतून तानपुरा ऐकला आणि सा लगेच ओळखला. म्हटलं, ही माझी पट्टी! पोरगी स्वतःची सोडून माझी लावून बसलीय. तोंडानं म्हणायचा संकोच वाटतोय तिला, म्हणून सुरातून बोलावतेय, आई ये, गा. तेवढ्यासाठी उठले मी, देवू. नाहीतर कशाला उठते? बाकी सगळं जाऊ दे. पट्टी तरी तू माझ्यासाठी लावली होतीस ना?

देविका: हो, आई. तुझ्यासाठीच लावली होती.