मेथीखाली मावेल असा लॅपटॉप

—नाही नाही, पिशवी काउंटरवरच राहू द्या मेहबूबभाई, तिच्यात लॅपटॉप घालून बघायचाय मला. हो, याच पिशवीत. अहो, हसताय काय? तुम्हीच म्हणालात ना, आधी गरज सांगा, मग मॉडेल दाखवतो — ही माझी गरज. खाली कांदे-बटाटे, कडेला लॅपटॉप, वर मेथीची जुडी. मेथीतून त्याचा कोपरासुद्धा डोकावता कामा नये. कॉलेजची पोरं पातळ मागतात ती मिरवायला, मला पातळ हवाय लपवायला. द्या बघू तो राखाडी. हं... गेला की! आणि वजन — थांबा, उचलून बघते — कोबीच्या गड्ड्याएवढं. छान. म्हणजे ललिताबाई मंडईतून आल्या, भाजी घेऊन आल्या, बस. कुणाला काही वाटायचं कारण नाही.

कुणाला म्हणजे काय, आमच्या ह्यांना. श्रीनिवासरावांना. नाही हो, वाईट नाहीत, अजिबात नाहीत, लोकांना उगाच वाटेल काय नवरा आहे — नवरा चांगला आहे, फक्त तपासतो फार. कारखान्यात गुणवत्ता तपासणीला होते. निवृत्त झाले आणि येताना हिरव्या गोल ठिपक्यांची अख्खी रिळं घेऊन आले. माल पास झाला की तिथं ठिपका लावायचे ना, तसे आता घरात लावतात. फ्रिजवर ठिपका, सिलिंडरवर ठिपका, लोणच्याच्या बरणीवर ठिपका — मुरलं की लागतो, आधी नाही. मिक्सर घ्यायचा होता तर एका दिवाळीला बघायला सुरुवात केली आणि पुढच्या दिवाळीला घेतला. तोवर ती कंपनीच मिक्सर बनवायची थांबली. लॅपटॉप हवाय म्हटलं असतं ना, तर तुमच्या बुधवार पेठेतलं एक दुकान शिल्लक राहिलं नसतं, आणि मी अशीच अंगठ्यानं फोनवर टाइप करत बसले असते. हा अंगठा बघा. डॉक्टर म्हणाल्या, आजी, गेम कमी खेळा. गेम!

आणि नुसतं घेण्याचं असतं तर सोसलं असतं हो. पण मी जे हातात घेते ना, ते ह्यांचं होतं. मी गच्चीत चार कुंड्या लावल्या — आता कढीपत्ता तोडायचा तर विचारून तोडावा लागतो. पेटी शिकायला लागले, तर भाता मी मारायचा आणि चुका ह्यांनी काढायच्या, शेवटी बाईंनी मला सांगितलं, तुमच्या मिस्टरांना पाठवा, त्यांना जास्त आवड दिसतेय. प्रेमानंच करतात, ते कळतं मला. पण एक तरी गोष्ट अशी असावी की नाही, जिच्यावर ठिपका नाही? माझी मी बिघडवेन, माझी मी निस्तरेन. तर तेवढ्यासाठी हे मेथीचं नाटक. बरं, हा आवाज किती करतो?

विचारते कारण आमच्या लेकीचा, अवनीचा, जुना लॅपटॉप आहे घरी, ती बंगलोरला गेली तो टाकून. चालू केला की नुसती घरघर. आत तबकडी फिरते म्हणे. तेवढी घरघर ऐकली की हे आतून येणार, "काय चाललंय?" म्हणणार आणि मागं उभे राहणार. मागं कुणी उभं राहिलं की मला माझं नावसुद्धा लिहिता येत नाही. यात तबकडी नाही? सगळं चिपमध्ये? एसएसडी म्हणजे तेच होय — फिरणारं काहीच नाही, म्हणून गप्प. आणि पिशवी आपटली तर? आपटू नका, ते मलाही कळतं मेहबूबभाई, पण मंडईच्या पायऱ्यांवर माणूस मुद्दाम का आपटतो? आपटली तर आत फिरणारं काही नाही म्हणून लिहिलेलं शाबूत राहण्याची शक्यता जास्त, असंच ना? जास्त. खात्री नाही. बरं झालं खरं बोललात. समोरच्या दुकानातला म्हणाला, मावशी, गाडी घाला वरून.

मग राहिली बॅटरी. कंपनी अठरा तास म्हणते ते राहू द्या, कंपनीला काय लिहायला जातंय, तुम्ही तुमच्या घरच्यांना काय सांगाल ते सांगा. प्रकाश कमी ठेवला, नुसतं टाइप केलं, तर दहा? आणि तो दुसरा, ह्याहून बारीक — त्याची सहाच? म्हणजे बारीक होण्यासाठी बॅटरीच कापली की हो त्याची! सडपातळ दिसायला जेवण सोडल्यासारखं. नको, मला जेवणारा द्या. कारण घरी मी चार्जिंगला लावू शकत नाही — घरातल्या प्रत्येक प्लगला काय लावलंय ते ह्यांना पाठ आहे — आणि मी जिथं बसते त्या अभ्यासिकेत प्लग मिळत नाही. स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात तिथं, एकेक प्लग धरून, बिचारी कधीची. मी भाजी घेते, दोन तास तिथं बसते, लिहिते, घरी येते. उशीर का झाला? मेथी निवडून घेत होते. निशाच्या घरी करेन मी चार्जिंग, माझ्या मैत्रिणीच्या, पण तेही तिच्याकडे भिशी असेल तेव्हाच. तुमचा पत्ता तिनंच तर पाठवला मेसेजवर. त्यामुळे भरपूर पुरायला हवी. ऐन रंगात आलेलं असताना पडदा काळा झाला तर खुनी निसटेल माझा.

—हो, खुनी. आता निघालंच तोंडातून तर सांगते, पण कुणाला बोलू नका. रहस्यकथा लिहितेय. अहो, पोस्टात खिडकीवर बसून जन्म गेला, माणसं काय कमी पाहिली? निम्मी झालीय. कसब्यात एक निवृत्त गृहस्थ, यज्ञेश्वर नावाचे, सकाळी टेबलावर डोकं ठेवलेले सापडतात, समोर अर्धा कप चहा. काल्पनिक आहे हं, पूर्ण काल्पनिक — चष्मा तेवढा ह्यांचा आहे. आणि खोकला. आणि कोथिंबिरीची जुडी मोजून घ्यायची सवय. पहिल्या पानावरच गेले ते, तेव्हा फार बोलत नाहीत पुस्तकात. काय मोकळं वाटलं म्हणून सांगू ते पान लिहिताना! मग वाईटही वाटलं, मुद्दाम उठून खमंग साबुदाण्याची खिचडी केली ह्यांच्यासाठी. खाल्ली, पण आधी मला म्हणाले, तू घे ना पहिला घास. हल्ली काहीतरी बिनसलंय त्यांचं. चहासुद्धा स्वतःच करून पितात, मला ओट्याजवळ येऊ देत नाहीत, म्हणतात तू दमतेस. लग्न झाल्यापासून कधी दमले नाही ती आत्ताच दमायला लागले? आणि चहा कसला, कोमट पाणी. पण मलाही आणून देतात, तेव्हा पिते मुकाट्यानं.

तर, जागा किती लागेल? २५६ की ५१२? माझी सगळी कथा म्हणजे अवनीच्या एका फोटोएवढीसुद्धा नाही भरणार म्हणता! लिहिताना तर केवढी वाटते. आणि ही एसएसडी पुढं मोठी बसवता येते, बॅटरी मात्र वाढवता येत नाही — मग झालं तर, जागा लहान घेते आणि वाचलेले पैसे बॅटरीत घालते. हा राखाडीच. आता भाव नीट लावा, माझ्या पेन्शनमधून घेतेय, ह्यांच्या नाही. आणि खोकं बंद असलेलं द्या, हा मांडलेला नको, याच्यावर अख्ख्या पुण्यानं बोटं फिरवलीयत. ... एकच आहे? आणि तो बुक झालाय? वा! मग इतका वेळ मला बोलू का दिलंत? कुणी केलाय बुक? सांगणार नाही म्हणजे? दाखवा तरी. अहो, दाखवा हो, पळवून नेत नाही, मेथी आहे माझ्या हातात.

...

हा ठिपका. हा हिरवा ठिपका तुमच्या दुकानातला आहे? नाही ना.

कधी आले होते? काल? गुडघा दुखतोय म्हणून बँकेत जायचं राहिलं म्हणाले काल, आणि इथं जिना चढून... काय विचारलं त्यांनी? — मेथीखाली मावेल का? म्हणून हसत होतात होय मघापासून! पण मेथीचं त्यांना कसं — निशालाच तर लिहिलं होतं फक्त, मेसेजवर... फोन! माझा फोन! वीजबिल भरतो, दे जरा, म्हणून तासभर घेऊन बसतात. निशाला मी सगळी प्रकरणं पाठवते हो त्याच्यावरून. म्हणजे वाचलंय. सगळं वाचलंय. चष्मा, खोकला, कोथिंबीर...

आणि एक अक्षर बोलले नाहीत? मेहबूबभाई, हा माणूस दुकानांच्या पाट्या दुरुस्त करत चालतो रस्त्यानं. लग्नपत्रिका आली तरी लाल पेन शोधतो. तो माझी एवढी प्रकरणं वाचतो, स्वतः मेल्याचं वाचतो, आणि गप्प राहतो? ... भाव केला का? नाही? ह्यांनी? सांगितलेल्या भावाला घेतला? थांबा, बसते जरा. नाही, पाणी नको. बरं वाटतंय हो. काय सांगू, फार बरं वाटतंय. ठिपका खोक्यालाच आहे ना? आत, त्या झाकणावर वगैरे नाही लावला? नाही लावला. बरं.

आणखी काय म्हणाले? बॅटरी शेवटपर्यंत पुरली पाहिजे — कुणी मारलं ते कळायला हवं म्हणून? असं म्हणाले? आणि त्यांचा संशय कुणावर... बायकोवर?

अगं बाई. म्हणून चहा!

ठेवा, ठेवा ते खोकं खाली, होतं तसं ठेवा. मी आले नव्हते. पिशवीतून तो राखाडी काढून घ्या आधी तुमचा, नाहीतर तुम्ही म्हणाल चोरला. ते घेऊन येतील घरी, मी चांगली दचकून दाखवेन, ते माझ्यावर सोडा. काय? बायकोनं नाही मारलं हे त्यांना सांगू का? खबरदार मेहबूबभाई! एक शब्द बोलायचा नाही. अजून निम्मं पुस्तक लिहायचंय मला, तोवर करू देत चहा. सरका आता, मागं गिऱ्हाईक उभंय तुमचं.